उणे पाच

रात्री सव्वादोनला चेंबर तीन पेटलं.
म्हणजे पडद्यावर.
पासष्ट हजार पाचशे एकतीस, लाल आकड्यांत,
आणि भोंगा.
गुरवमामा आतून आले, कानटोपी, मिशीवर दव,
म्हणाले, पोरी, बेदाणा गारठून पडलाय,
ताप आलाय तो तुझ्या कॉम्प्युटरला.

आधी भोंग्याची वायर काढली.
मग पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला:
पासष्ट हजार पाचशे छत्तीसातून हा आकडा गेला,
उरले पाच.
उणे पाच. तेही दशांशात.
शून्याखाली फक्त अर्धा अंश.
नव्या कॉईलवरचा नवा सेन्सर खरं तेच सांगत होता,
ऐकणाऱ्याला उणे हा शब्दच शिकवला नव्हता कुणी.

सोर्स उघडला. ओळ दोनशे बारा.
वर उपाध्ये सरांची टीप, रोमन लिपीत मराठी:
तासगावात शून्याखाली काही जात नाही. जि. उ.
हसले.
मग वाटलं, त्यांच्या वेळी नव्हतंच जात.
अनसाइन्ड होतं, साइन्ड केलं.
एक शब्द.

एका शब्दावर भागलं असतं
तर तीनला पाठ टेकली असती.
पण मशीन नवं, लिनक्स नवं, आणि हे पॅकेज
सरांच्या हातचं, जुन्या घरात बांधलेलं.
बिल्ड म्हणालं, सिरीयलची लायब्ररी कुठाय?
ती आणली, तर तिच्या हेडर फाइल वेगळ्या पॅकेजात राहतात.
त्या आणल्या, तर त्यांना तिसरीच हवी,
तीही नव्या आवृत्तीची, जुनी चालायची नाही.
तलाठी म्हणतो सर्कलची सही आणा,
आणि सर्कल जेवायला गेलेत.
नेटची एकच काडी येत होती
ती खिडकीच्या गजापाशी,
म्हणून फोन गजाला सुतळीनं बांधला
आणि बेदाण्याच्या खोक्यावर बसून राहिले,
अंगात जर्किन, मांडीवर कीबोर्ड.

चार वाजता मेक सुरू झालं.
ओळी धावत होत्या वर, वाचता येतील न येतील अशा.
तेरा इशारे. चूक एकही नाही.
इशारे मी वाचते. सर म्हणायचे,
इशारा म्हणजे यंत्रानं घातलेली शपथ,
पुढं काही झालं तर मला बोलू नका.

पॅकेजला चेंजलॉग लागतो.
खालून वर: एक शून्य, जिनपाल उपाध्ये.
एक दोन, जिनपाल उपाध्ये.
दोन तीन, जिनपाल उपाध्ये, पंख्यांचा क्रम सुधारला.
त्याच्यावर मोकळी जागा.
दोन चार. शून्याखालचं तापमान ओळखतं.
पुढं नाव घालायला बोट अडलं.
आजोबा सांगलीत गणपती पेठेत कात्र्यांना धार लावायचे,
पन्नास वर्षांत एका कात्रीवर नाव नाही घातलं.
घातलं. निलोफर शिकलगार.

जुनं काढतोय. नवं बसवतोय.
सेवा थांबली, परत उठायला अकरा सेकंद.
त्या अकरा सेकंदांत एवढ्या मोठ्या बेदाण्यावर
कुणाची नजर नव्हती,
गुरवमामांची सोडली तर.

मग आकडा. शून्य दशांश पाच,
आणि त्याच्याआधी एक आडवी रेघ,
काडीएवढी.
मामांना दाखवली. ते म्हणाले, एवढ्यासाठी रात्रभर?
भोंग्याची वायर परत जोडली.

सात वाजता सरांना फोन लावला, भिलवडीला.
सुनेच्या डेअरीत बसतात आता, मागं कॅन आपटत होते.
कुठली ओळ म्हणालीस?
दोनशे बारा.
बराच वेळ नुसते कॅन.
मग, माझी टीप पुसलीस?
नाही सर. तिच्याखाली एक लिहिली.
काय लिहिलंस?

आता जातं.