हत्यारखोलीची वही

आमच्याकडे श्रीमंती खाली असते.
'वरचे लोक' म्हटलं की जगात कोण डोळ्यांपुढे येतं ते ठाऊक आहे मला,
पण एल आल्तोत वर आम्ही.
वर वारा, वर गिलाव्याविना उभी विटांची घरं,
वर श्वाससुद्धा अर्धा.
खाली, ला पाझच्या पोटात, कालाकोतोत
हवा दाट, झाडं उंच, नळ कधी कोरडा नाही.
पाणी आमच्या डोक्यावरच्या बर्फातून निघतं
आणि उताराला लागतं.
पैसा मात्र चढावर दमतो.

मी हत्यारखोली सांभाळतो. नळकाम, तिसरी तुकडी.
उजव्या हाताची दोन बोटं खाणीत राहिली,
उरलेल्या तिनांनी वही लिहितो:
कोणी काय नेलं, कधी आणलं.

मंगळवार. तेओफिला वाराची.
पाइप पाना, चौदा इंची, एक.
टेफ्लॉन टेप, दोन.
काम कुठे? विचारावं लागतं.
"कालाकोतो. आई भांडी घासायची ते घर."
इतक्या सपाट आवाजात म्हणाली
की मी तेही लिहिलं.
मग खोडलं. त्याला रकाना नव्हता.

अकरा वर्षं. दिवसाचे साठ बोलिव्हियानो,
मागचं दार, वेगळा पेला.

पुढचं तिनेच सांगितलं, बुधवारी,
कोकाच्या चहावर फुंकर घालत.
बाईंनी दार उघडलं
आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं:
"प्लंबर कुठाय?"

भिंतीत ओल. लाकडी जमीन
भिजलेल्या पावासारखी फुगलेली.
आधी मुख्य चावी बंद करायला हवी.
चावी कुठे? बाईंना माहीत नाही.
साहेबांना फोनवरही माहीत नाही.
तीस वर्षं त्या घरात पाणी वापरत होते,
ते आत कुठून येतं
कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेओफिलाने आईला फोन लावला.
आई म्हणाली, मोलकरणीच्या न्हाणीत बघ,
बादलीमागची फरशी हलते, ती उचल.
जरा घट्ट आहे. अंगठ्याने नाही, तळहाताने फिरव.
नाताळात ते परगावी गेले
की मीच बंद करायचे.

अडीच तासांचं काम. बिल दोनशे ऐंशी.
"अगं, तुझी आई तर आमच्या..." बाई म्हणाल्या.
भाव करायचा असला की माणसं ओळख काढतात.
"हो, राहिलंच की," म्हणत तेओफिलाने कागद परत घेतला,
खाली एक ओळ वाढवली:
चावी दाखवल्याबद्दल, साठ.

मी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत.
तुकडीत तेवीस नावं होती, टिकली नऊ.
रुफिनाला तिसऱ्या महिन्यात मूल झालं,
दोघी साओ पाउलोला शिलाईच्या कारखान्यात गेल्या,
बाकीच्यांचं कारण वहीत नाही.
नवातल्या पाचजणींना काम आहे,
त्यातल्या दोघींचे पैसे अडकलेत.
उद्घाटनाला आलेले पाहुणे
'दरी बुजेल' म्हणाले
आणि केबल कारने खाली गेले, आपापल्या घरी.
दरी आहे तिथेच. त्याच खिडकीतून रोज दिसते.

तरी नोंद करायला हवी:
पाना परत. बुधवार. जबड्यावर नवा चरा.
चऱ्याला दंड पाच बोलिव्हियानो,
नियम आहे, मी मागितले.
तिने सुटे मोजून दिले. विचारलं,
शुक्रवारी अठरा इंची मिळेल का, अख्खी इमारत आहे.
मग हात पुढे करून उभीच राहिली.
"काय?"
"पावती."

या खोलीत असं कुणी मागितलं नव्हतं.
पावतीपुस्तक शोधायला मला
बराच वेळ लागला.