त्या रात्री दोनदा

कॉरोनरने माझं नाव वाचलं : मिसेस स्टारमेकर.
मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.
मी म्हटलं, सतारमेकर. आम्ही मिरजेचे,
भोपळे वाळवणारे, तारा ओढणारे.
त्याने चष्मा पुसला
आणि पुन्हा स्टारमेकरच म्हटलं.

विचारलं तेवढंच सांगितलं मी.
दुसऱ्या मजल्यावर टॉवेल ठेवायला गेले,
दोनशे चौदाच्या दाराआड डॅनी थ्रेलफॉल गिटार जुळवत होता,
जिन्यावरच्या घड्याळात एक वाजून दहा.
कुराणावरचा हात गार पडला होता,
कोर्टातला हीटर बंद होता म्हणून.

अपघाती मृत्यू, असं लिहिलं. गोळ्या आणि व्हिस्की.
मला वाटलं, झालं.

पण पुढच्या शनिवारी ते मोरकॅम्बला आले,
खाडीवरून चावत येणाऱ्या वाऱ्यात,
कोटावर त्याच्या चेहऱ्याचे बिल्ले.
बस चालवणाऱ्या कीथने टेप आणली होती.
लिफ्टपासून दारापर्यंत एकोणीस पावलं, तो म्हणाला,
पावलं त्याची, मी साडेचार फूट.
कुणी म्हणालं, डॅनी स्वतः कधी गिटार जुळवायचाच नाही,
त्याला पगारी माणूस होता.
कुणी म्हणालं, मॅनेजरने पैसे चारलेत हिला,
बूट बघा नवे.
बूट नवे होते. जुन्यांत पाणी शिरायचं.

ग्लेनिस मात्र ओरडली नाही.
तिने थर्मासच्या झाकणात मला चहा दिला,
बिनसाखरेचा, आणि हळूच म्हणाली,
बाई, ती ऑक्टोबरातली शेवटची रात्र. घड्याळं मागे घ्यायची.
एक वाजून दहा त्या रात्री दोनदा झाले.
तुझे कोणते?
पहिले असतील तर मॅनेजर खरा.
दुसरे असतील, तर तो निघून गेल्यावरही
डॅनी तासभर जागा होता, एकटा.

आठ वर्षं ते घड्याळ मीच फिरवत होते,
दोनच्या ठोक्याला स्टुलावर चढून, काटा बोटाने मागे.
त्या रात्रीही फिरवला. बोटाला धूळ लागलेली आठवते.
टॉवेल त्याच्या आधी की नंतर, ते आठवत नाही.
इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय
की आता दोन्ही आठवतं.

आणि जे आठवतं ते कुणी विचारत नाही.

तार जुळवताना सूर वर चढतो,
थबकतो, किंचित उतरतो, पुन्हा चढतो.
लहानपणी अब्बांच्या कारखान्यात
झोपेतसुद्धा मला कळायचं कोण कुठल्या तारेशी झटतंय.
दोनशे चौदामधली तार चढत नव्हती.
खाली, खाली, आणखी खाली,
मग लाकडावर सैल पडल्याचा आवाज.
मग दुसरी. तीही तशीच.
वाद्य कायमचं बांधून ठेवायचं असतं
तेव्हा आमच्याकडे असं करतात,
मानेवरचा ताण काढून घेतात.

त्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात
मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ट्यूनिंग.
कारकुनाने लिहून घेतलं.

ग्लेनिसने हातमोजे काढून ठेवले होते.
नखांवर त्याच्या आवडत्या रंगाचं पॉलिश,
सत्तरीच्या बोटांवर तो निळा.
चौदाव्या वर्षापासून, म्हणाली, मी त्याच्या मागे आहे.
मागे आहे, असंच म्हणाली,
तो अजून पुढे चालत असल्यासारखं.

मी म्हटलं, पहिले.
पहिले एक वाजून दहा.
तिने वहीत टिपून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली,
आणि तिचा विश्वास बसला नाही
हे मला तिच्या पेनवरून कळलं.

तिचं कार्ड दर नाताळला येतं.
पाकिटावर, मिसेस स्टारमेकर.
आत एकच ओळ : काही आठवलं तर कळव.
आता जिन्यावरचं घड्याळ आपोआप मागे जातं.
मी मात्र त्या रात्रीची ड्यूटी बदलून घेते.