ङ ची स्प्रिंग

टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी मी काढलेली नाही.
आत बारा यंत्रं मेणकापडाखाली,
आणि परीक्षेचं घड्याळ,
जे मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवायचो.

युनूस पिंजारी पंखा बघायला आला होता.
मोटारी भरतो तो, स्टेशन रोडला.
पंखा झाला, तरी उठेना.
म्हणाला, सर, सोमवारी दुकान बंद असतं माझं,
तुमची खोली तर रोजच बंद.

असं सुरू झालं. कुणी कुणाला बोलावलं नाही.
युनूसला उखा सोनवणे माहीत, पंक्चरवाला,
उखाच्या साडूचा मुलगा हेमकांत,
दातांच्या कवळ्यांचे साचे करणारा,
आणि हेमकांतच्या घरमालकाची तेजल गिरासे,
तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला,
जिला सगळे सांगत, पुण्याला जा बाई,
नंदुरबारात काय ठेवलंय?

तेजलनं आणलं मिरचीचं देठ तोडायचं यंत्र.
कागदावर फार देखणं.
चार सोमवार गेले, दोन मोटारी जळाल्या,
मिरची निघायची चेंदामेंदा होऊन
आणि आम्ही पाचही जण शिंकत रस्त्यावर.
समोरचा किराणावाला म्हणाला,
मास्तर, परीक्षा कडक दिसते यंदा.

पाचव्या सोमवारी उखा रेलीबाई वळवीला घेऊन आला.
पथारीवर बावीस वर्षं देठ खुडलेली बाई.
खुर्चीवर बसली नाही. यंत्राभोवती एक फेरी मारली.
"हाई देठ तोडी, ते मी काय खासू?"
कुणीच बोललं नाही.
घड्याळ तेवढं पाच मिनिटं पुढे चालत राहिलं.

मग तिनं हात पुढे केला.
अंगठ्याला नख असं नव्हतंच.
"रातले लेकरूले घास भरावस,
ते त्यानं तोंड जळस."

तेजलनं कागद उलटा केला.
कोऱ्या बाजूला काढलं एक बोट.

हेमकांतनं प्लॅस्टर कालवलं,
रेलीबाईचा अंगठा बुडवला त्यात,
जसा कुणाचा जबडा घ्यावा तितक्या अदबीनं.
उखानं ट्यूब कापली,
युनूसनं तांब्याची पट्टी घासून नख केलं.
टोपण झालं. पण नख मिटलं की उघडेना.
स्प्रिंग हवी होती, केसाएवढी.
सुरतेहून मागवू, कुणीतरी म्हणालं.
आणि चौघांनी बघितलं
मेणकापडाकडे.

नाही म्हणालो मी. दोनदा.
या यंत्रांवर अर्ध्या तालुक्यानं
"महोदय, वरील विषयास अनुसरून" शिकलंय.

रात्री एकटाच गेलो खोलीत.
प्रत्येक कळ दाबून बघितली.
'क' झिजलेला, 'र' वाकलेला,
'य' ला तर किती जणांच्या नोकऱ्या लागल्या.
एक कळ तेवढी करकरीत:
ङ.
चाळीस वर्षांत तिला बाराखडीखेरीज कुणी हात लावला नाही.
परीक्षेतही यायची नाही ती.

बारा यंत्रं, बारा ङ.
पहिली स्प्रिंग काढताना
स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात होता.

आता बारा बायका पथारीवर
बोटात टोपण घालून बसतात.
एकीचं सैल होतं, एकीला घामानं पुरळ उठलं,
ते अजून सुटलेलं नाही.
रेलीबाई म्हणते, हात कमी जळतात.
जळत नाहीत, असं नाही म्हणाली ती.

दोंडाईच्याहून निरोप आलाय, पन्नास पाहिजेत.
तिथल्या एका सोनाराला तार ओढता येते म्हणे,
त्याला ओळखणारा माणूस युनूसच्या मेव्हण्याला ओळखतो.
पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ दिलंय.

तेजल पुण्याला जाईल बहुतेक. जावं.
सोमवारी परत आली तर किल्ली कुंडीखाली आहे.

काल एक कुंभार दारात उभा होता, हातात तडकलेली पणती.
म्हणाला, इथं विचारतात ना?
मी म्हटलं, या, बसा.
आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं.