शिडी टेकवलीय कशाला

प्रश्न क्रमांक सात असा होता:
डोळ्यांसमोर एक शिडी आणा, दहा पायऱ्यांची.
वरच्या टोकाला तुम्हाला मिळू शकेल असं उत्तम आयुष्य,
तळाशी सर्वांत वाईट.
आज तुम्ही कितव्या पायरीवर?

कोल्हापूरच्या कार्यालयात तो सोपा वाटला होता.
तिथं शिडी निघते ती वर्षातून एकदा,
पंखे पुसायला.

तोंडवळीत पहिल्याच अंगणात
बाबल रेवंडकरांनी विचारलं,
“शिडी खयची? बांबूची काय लोखंडाची?”
मी म्हटलं, मनातली.
त्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून
खाटेवर नीट ठेवला,
जणू तो कुणा पाहुण्याचा.
“आंबे काढताना नवव्या पायरीर होतंय,” ते म्हणाले,
“आता खाटेर. खयचो आकडो घालुचो तो घाल.”
आतून बायको हसली. मग तेही.
मी पाच लिहिले. खोडले.

इनास फर्नांडिस जाळं विणता विणता म्हणाले, दहा.
पण ते शुक्रवारचे. शुक्रवारी कुवेतहून पोराचा फोन येतो.
आज बुधवार,
तेव्हा तुझं तूच काय ते बघ.

मी उतरले होते त्या होमस्टेचा मालक, संकेत,
आधी म्हणाला सात.
मग दाराशी येऊन हळूच,
“बाजूच्यान किती सांगितल्यान?”
सांगता येत नाही, गोपनीय असतं.
तो समुद्राकडे बघत राहिला.
“मगे माझे सहा कर.”

ओहोटीला कालावलची खाडी गुडघ्याइतकी होते.
द्रुपदा कुबल आणि आणखी चौघी
पायांनी चाचपून तिसऱ्या शोधत होत्या.
मी सलवार दुमडली, फॉर्म डोक्याशी धरला
आणि पाण्यात उभी राहून प्रश्न वाचला.
“परत वाच गो.”
मी परत वाचला.
“दहा पायऱ्यो झाल्यो. पण ती टेकयलेली कशाक?”
मी पान उलटून पाहिलं.
मागं फक्त सहीची जागा होती.
“नुसती उभी शिडी रवता काय खय?”

मग हनुवटीनं एकेक दाखवत गेली:
हिनं माका गाळातसून ओढून काढल्यान.
हिच्याकडे चेडू तीन महिने होता, मी इस्पितळात होतंय तेव्हा.
हिच्याकडे माझे चाळीस रुपये आसत, ती देवची नाय.
आणि ही,
हिच्यावांगडा दोन वर्सां बोलाक नाय.
पण खाडयेत एकटी उतराक नाय.
‘ही’नं ऐकलं असावं.
तिनं आपल्या टोपलीतल्या मूठभर तिसऱ्या
न बघता माझ्या ओढणीत टाकल्या,
कुणावर उपकार केले ते कळू न देता.

भरती वळली. त्या निघाल्या.
सातव्या प्रश्नाची चौकट तशीच कोरी,
एका कोपऱ्यात ओली.

रात्री मी स्वतःचा फॉर्म भरायला घेतला.
पायऱ्या मोजायला मी हुशार आहे;
पगार, पद, फ्लॅटचा मजला, चढतच आले.
टेकवली होती कुठं?
एका माणसाच्या ‘बघू’ला.
तो गेल्या दिवाळीत बाजूला सरला.
त्यानं काही केलं नाही, फक्त सरला.

बादलीत तिसऱ्या खारं पाणी घेत होत्या, सोडत होत्या.
अंधारात बारीक चुळका ऐकू यायच्या.

पावणेदहाला वैजूला फोन लावला.
मूळची वेंगुर्ल्याची. एकेकाळी माझ्या शेजारच्या टेबलावरची.
एका बढतीवरून आमचं बोलणं बंद झालं,
आणि ती बढती मलाच मिळाली होती.
घंटा वाजत राहिली. मी ठेवणारच होते.
“हॅलो?”
मी म्हटलं, तिसऱ्या उकडताना मीठ घालायचं का गं?

बराच वेळ नुसता तिकडचा पंखा.
मग ती म्हणाली,
“आधी वाळू काढलीस का?”