देवक

नाक्यावर वनरक्षकाने खिडकीत डोकं घालून विचारलं,
संत्री? मोसंबी? लिंबं?
हत्तीला लांबून वास लागतो, म्हणाला,
मागल्या हंगामात एका गाडीचं दार
सालासारखं सोलून ठेवलं होतं.
बाबा म्हणाले, नाही.
त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.
मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत होते.

मग पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता,
भांडी वाजत होती, दात वाजत होते,
त्सेत्से माशी चावली की फुंगाई मोजायचा:
अकरा. बारा.
तंबू चर्चकडून उसना आणलेला,
त्याच्या पाठीवर निळ्या अक्षरांत: महिला मंडळ, म्बारे.
एक खुंटी कमी होती. बाबांनी तिथे पाना ठोकला.

माना पूल्सला कुंपण नाही
हे आमायला आत आल्यावर कळलं.
"म्हणजे आपण कुठे संपतो
आणि ते कुठे सुरू होतात?"
बाबा चूल मांडत होते. बोलले नाहीत.
महिनाभर ते कशाचंच उत्तर देत नव्हते.
व्हिसा आला होता. विमान बुधवारचं होतं.

समोर झांबेझी, इस्त्री केल्यासारखी सपाट.
पलीकडे झांबियाचे डोंगर, दुसऱ्यांचे.
पाणघोडे एकमेकांना काहीतरी जुनं, लागट बोलत होते.
साद्झा, वाळलेली कापेंटा मासळी, थोडी वाळू.
एका बबूनने साबण पळवला, चाखला,
आणि आमच्याकडे असं पाहिलं
जसं फसलेलं गिऱ्हाईक दुकानदाराकडे पाहतं.
आमाय हसली. खूप दिवसांनी, पोट धरून.

रात्री बाभळीच्या शेंगा पडत होत्या तंबूवर.
टप्. टप्.
मग तंबूवरचं चांदणं कुणीतरी काढून घेतलं.
कापडापलीकडे एक श्वास,
ओलं पोतं फरशीवरून ओढावं तसा.
सोंडेचं टोक सरकत गेलं:
माझे पाय, आमायची कूस,
आणि फुंगाईच्या उशीपाशी थांबलं.

आम्ही दगड.
बाबा गुडघ्यांवर बसले.
शहरात खिशातून हात न काढणारे बाबा,
पोलिसांशी हुज्जत घालत बस हाकणारे बाबा,
त्यांनी तळवे जुळवले, बोटाला बोट लावून,
आणि हलकेच टाळी दिली,
सासुरवाडीच्या थोरल्यांपुढे देतात तशी.
"समान्यांगा," म्हणाले. सुळ्यांच्या धन्या.

हत्ती आमचं देवक.
कुणी विचारलं तर मी सांगते,
रक्तगट सांगावा तसं.
पण देवक स्वतः येऊन
उशी हुंगेल, असं नव्हतं वाटलं.

बाबा कुजबुजत राहिले,
आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं,
मग आमची. मग,
"मी निघालोय.
ही माणसं इथेच आहेत.
बघा."
एवढंच: बघा.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग शेंगा पुन्हा, पण आता चावण्याचा आवाज,
कुडुम कुडुम, लांब जाणारा.

सकाळी उशीखाली संत्रं सापडलं.
फुंगाईने रडून शपथा घेतल्या.
कुणी रागावलं नाही.
काचा वर करून, गाडीत बसून सोललं ते.
दहा फोडी, चार माणसं.
उरलेल्या दोन कुणी घेईना.
सालं आमायने ओढणीच्या गाठीत बांधली,
हरारेपर्यंत.

बाबा आता लीड्समध्ये बस चालवतात.
फोनवर विचारतात, फुंगाई,
गोड होतं ना रे ते संत्रं?
फुंगाई म्हणतो, लिंबू होतं.
आणि मी नव्हतं ठेवलं.
बाबा हसतात.

मी बशा विसळत असते.
नळ थोडा मोठा करते.