तीन ते अकरा

सेकंड शिफ्टला कार्ड पंच करतो तेव्हा
गेटवरच्या घड्याळात बरोबर काटकोन असतो.
सुटतो तेव्हा अकरा.
तीस अंश. लघुकोन.
एकोणीस वर्षं पाहतोय हे,
नाव परवा सकाळी कळलं,
हर्षालीच्या सहावीच्या पुस्तकातून.

"नव्वदपेक्षा लहान, पण शून्यापेक्षा मोठा,"
ती घोकत होती, पाय भिंतीला लावून.
मला तो 'पण' आवडला.
पार मिटलं तर कोन उरत नाही,
थोडी तरी फट हवी.

माझं कामच तसलं. टूलरूममध्ये
ग्राइंडरवर टूल धरायचं, ठिणग्या बुटांवर घ्यायच्या,
मग गेज लावून ट्यूबलाइटकडे बघायचं.
आटे पाडायचं टूल, साठ अंश.
मधून उजेड दिसला तर चुकलं,
पुन्हा घासायचं.
नव्वदला धार बसत नाही, पोरी.
जिथे धार तिथे लघुकोन :
विळी, खुरपं, द्राक्षं विरळायची कात्री,
तुझ्या काकाचं शेवटचं वाक्य.
(हे मनात म्हटलं.)

तिने दोन कोन काढले,
एकाच्या भुजा बोटभर, एकाच्या वहीभर.
"हा मोठा." बोट वहीभरच्यावर.
कोनमापक ठेवला. चाळीस.
दुसरा? चाळीस.
ती कोनमापकावरच रुसली.
"एवढा पसरलाय तरी?"

मी पेन्सिल घेतली.
हे बघ, इथे आमची जुनी भाड्याची खोली,
त्र्यंबक नाक्याच्या मागची. हा शिरोबिंदू.
एक खाट, दोन भाऊ, एक सायकल.
ही भुजा त्र्यंबक रोड :
आयटीआय, मग सातपूर, मग आपण.
ही गंगापूर रोड :
कॉलेज, मग आनंदवल्ली, मग निवृत्तीकाका.
सुरुवातीला इतकं जवळ होतं की
एका रस्त्यावरून हाक मारली तर
दुसऱ्यावर ऐकू जायची.
मग जसजसं पुढे…
पेन्सिल तिथेच थांबली.
पुढचा धडा माझाही झालेला नव्हता.

"म्हणजे कोन वाढला?"
"कोन कुठला वाढतोय. भुजा वाढल्या."

तिने पट्टी लावली,
सातपूर आणि आनंदवल्ली
एका रेघेत जोडून टाकली.
"झाला त्रिकोण. हे अंतर किती?"
"असेल तीनेक किलोमीटर."
"एवढंच?" म्हणाली,
आणि खोडरबर शोधायला लागली,
रेघ जरा वाकडी आली होती म्हणून.

काल सुटल्यावर गेटबाहेर उभा राहिलो,
निवृत्तीचा नंबर काढून.
लावला नाही.
मान वर केली तर अकरा वाजून पाच.
काटे थोडे उघडलेले,
साठाला अडीच अंश कमी.

गेज लावलं असतं तर
उजेड दिसला असता.