तिसरं पाणी

नबीलालने दुकानामागच्या पत्र्याखाली
मला एक स्टूल दिलं, डिझेलचं घमेलं,
आणि घमेल्यात लॅम्ब्रेटाचं हेड.
म्हणाला, मालक, लोखंड लावू नका याला,
ॲल्युमिनियम मऊ असतंय, लगेच ओरखडा धरतंय.
दातांचा ब्रश घ्या. बांबूची काडी घ्या.
घाई असली तर घरी जावा.

घाई कसली.
एप्रिलातले अडीच वाजलेले,
अक्कलकोट रोडवर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

चौतीस वर्षं मी रंगखात्यात काढली,
नरसय्या येमूलच्या कारखान्यात.
कॉस्टिक माझ्या हातांना नवं नाही:
सूत त्यात बुडवलं की रेशमासारखं उजळतं.
म्हणून परवा रात्री, न विचारता,
चेनचं झाकण मी कॉस्टिकमध्ये टाकलं.
फसफसलं, गोटीसोड्यासारखं.
सकाळी काढलं तर काळंठिक्कर,
अंगभर देवीचे व्रण.
नबीलाल बराच वेळ ते उलटंपालटं करत राहिला.
"सुताचं औषध धातूला दिलं की ओ तुम्ही."
एवढंच. मग चहा सांगितला.

स्कूटर नरसय्याचीच.
मागांच्या शेडमध्ये, दाराशी उभी करायचा,
इंजिन चालूच ठेवून, खटखटाटावर ओरडून हिशेब विचारायचा,
आणि तिचा पंखा शेडमधला उडता तंतू
ओढून घ्यायचा पोटात.
माग भंगारात गेले. मुलं पुण्याला.
स्कूटर मी घेतली, किलोच्या भावाने.
कशाला, बायकोने विचारलं. सांगता आलं नाही.

हेडच्या पाकळ्यांमध्ये तेलाने थिजलेले पुंजके,
घोंगडीसारखे घट्ट.
काडीने एकेक फट मोकळी करत गेलो.
वर राखाडी.
त्याखाली मोरपंखी, शेवटची मोठी ऑर्डर.
त्याखाली तो हिरवा, जो कुणालाच आवडला नाही
तरी सहा वर्षं चालला.
आणि अगदी तळाशी, धातूला धरून,
कडांना करपलेला
मरून.

मी ब्रश खाली ठेवला.

चारशे चादरी हुबळीहून परत आल्या होत्या,
पहिल्याच धुण्यात रंग सुटला म्हणून,
पांढरी फुलं गुलाबी झाली म्हणून.
नरसय्याने पगारातून एकशेचाळीस कापले,
सलग सात महिने.
साबणाची शेवटची उकळी दिली नाहीस, म्हणाला.
दिली, मी म्हणालो.
तेव्हा म्हणालो, मग साखर पेठेतल्या प्रत्येक हॉटेलात म्हणालो,
त्याच्या मयतीहून परतताना रिक्षात म्हणालो.
एकतीस वर्षं.

चहाची बशी धुऊन घेतली.
चिमूटभर मरून तिच्यात सोडला.
पहिलं पाणी काळं आलं. ते तेल.
दुसरं मळकट.
तिसरं कोमट घेतलं, साबणाचं.
एक बोट फिरवलं आणि बसून राहिलो,
जसा टाकीपाशी बसायचो, रंग चढायची वाट बघत.
समोरच्या वेल्डिंगवाल्याचं शटर वर गेलं.

पाणी गुलाबी झालं.
फार नाही. तान्ह्याच्या टाचेइतकं.

त्या रात्री लाकडं ओली होती, बॉयलर तापेना,
धाकटीला ताप होता, मी दहालाच निघालो.
आता आठवतंय.
किंवा होतं आठवत, सगळा वेळ.

"झालं का?"
हेड त्याच्या हातात दिलं.
त्याने उन्हाकडे धरलं,
पाकळ्यांच्या फटींतून पलीकडचा रस्ता दिसला,
एक सायकल, आठ तुकड्यांत.
घासून आरसा करतो म्हणाला.
नको म्हणालो. झाकणही तेच लाव, व्रणांचं.
"पॅनेल काढलं की दिसंल की ओ, मालक."
दिसू दे.

बशी घेऊन लिंबाच्या बुंध्याशी गेलो.
ओतणार, तर खाली मुंग्यांची रांग.
थोडं सरकून ओतलं.